हाकेचे नाव आणि उताऱ्यावरचे नाव



तुमच्या गावात एखादा परका माणूस आला आणि पारावर बसलेल्या मंडळींना त्याने विचारले, "ज्ञानदेव रामचंद्र जाधव कुठे राहतात हो?" तर काय होईल? मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. कुणीतरी विचारील, "कोणता ज्ञानदेव? इंजिनवाल्यांचा, मळ्यातला, की माडीवाल्यांचा?" पाहुण्याने "ज्यांनी यंदा डाळिंब लावलंय ते," असे सांगितले की लगेच उत्तर येईल, "हात्तिच्या, आपले तात्या! मग सरळ तात्या म्हणा की!" आणि एखादे पोर पुढे होऊन पाहुण्याला थेट दारात नेऊन सोडील.

शेती खात्याच्या विस्तार कामात ज्यांची हयात गेली, त्यांना हा धडा पहिल्याच वर्षी मिळतो. माझ्या हातात यादी असते ती उताऱ्यावरच्या नावांची, आणि गावाला ठाऊक असतात ती हाकेची नावे. निम्मे गाव एका आडनावाचे, प्रत्येक भावकीत एक तरी ज्ञानदेव. तेव्हा माणूस सापडतो तो टोपणनावानेच. बियाण्याची पिशवी त्याच नावाने पोचते, लग्नाचे आवतण त्याच नावाने जाते. पण सोसायटीचे कर्ज, पीक विमा, अनुदान आणि वारसाची नोंद मात्र दुसऱ्या नावाने होते.

म्हणजे आपल्याकडे प्रत्येकाला दोन नावे असतात. एक गाव देते, दुसरे कागद देतो. दोन्ही आपलीच आणि दोन्ही हवीत. पण हाकेच्या नावाने मन दुखू लागले आणि कागदावरचे नाव आपल्यालाच माहीत नसले, म्हणजे घराचे नुकसान होते. आज या दोन नावांविषयी थोडे बोलू.

आडनाव आले कुठून?

पूर्वी माणसाचे नाव, बापाचे नाव आणि गाव एवढ्यावर काम भागे. गाव सोडून माणूस दुसरीकडे गेला की गावाचे नाव त्याला चिकटे. नाशिकचा तो नाशिककर, साताऱ्याचा तो सातारकर. फलटणचे निंबाळकर मूळचे पवार. निंबळक या गावावरून ते निंबाळकर झाले. होळकरांचे नाव नीरेकाठच्या होळ गावावरून आले. गोव्यातील मंगेशी गावावरून मंगेशकर झाले. कोकणात आणि गोव्यात तर असे 'कर' घरोघर. तिकडे चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे तेलुगू मुलखाच्या शेजारामुळे शेवटी 'वार' असलेली आडनावे पुष्कळ.

दुसरी आडनावे कामावरून आली. परगण्याचा देशमुख, परगण्याचे हिशेब ठेवणारा देशपांडे, गावचा वसूल आणि बंदोबस्त पाहणारा पाटील, त्याच्या हाताखालचा चौगुला, दप्तर सांभाळणारा कुलकर्णी, नाण्यांची पारख करणारा पोतदार, पत्रव्यवहार पाहणारा चिटणीस. श्रीवर्धनचे भट घराणे १७१३ साली बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळाल्यावर पेशवे म्हणून ओळखले जाऊ लागले. नाना फडणवीस मूळचे भानू, कोकणातल्या वेळासचे. फडणिशी हे त्यांचे काम, तेच त्यांचे नाव झाले.

गंमत अशी की काम गेले तरी नाव राहिले. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली. १९६२ च्या कायद्याने वंशपरंपरेची मुलकी पाटीलकी गेली. पण आजही हजारो घरांत पाटील आणि कुलकर्णी ही आडनावे नांदत आहेत. त्यांतल्या कित्येकांच्या घरात तीन पिढ्यांत कोणी गावचा वसूल केलेला नाही.

तिसरा प्रकार सर्वांत मजेचा. ही आडनावे म्हणजे कुणा पूर्वजाची टोपणनावेच. वाघमारे, डोईफोडे, लांडगे, कोल्हे, मुंगळे, गाढवे, हे शब्द ऐकले की त्या पूर्वजाने काय केले असेल, असे कुतूहल वाटतेच. शाळेचा पट वाचला तर मध्येच भाजी मंडईत आल्यासारखे वाटते. काकडे, भोपळे, पडवळ, दोडके, मुळे, भेंडे, तांदळे, हळदे, साखरे, फणसे, जांभळे! मात्र शब्दावरून लगेच अर्थ लावू नये. उच्चार पिढ्यान्‌पिढ्या बदलत आलेले असतात. काही नावे गावावरून आलेली असतात, पण ऐकायला भाजीसारखी लागतात. घरातल्या जुन्या माणसाला विचारावे हे उत्तम.

कधी आडनावावरून गावही ओळखले जाते. पुणे जिल्ह्यात तळेगाव दाभाडे आणि तळेगाव ढमढेरे अशी दोन तळेगावे आहेत. दोन तळेगावांतला फरक कळावा म्हणून घराण्यांची नावे जोडली गेली. म्हणजे जी युक्ती आपण दोन ज्ञानदेवांसाठी करतो, तीच गावांसाठीही केली गेली.

नाव पक्के कधी झाले?

ही सारी नावे पूर्वी पाण्यासारखी वाहती होती. ती गोठली इंग्रजी अमलात. १८३५-३६ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यातून जमिनीच्या मोजणीची आणि आकारणीची नवी पद्धत सुरू झाली आणि पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. खातेदाराचे नाव कागदावर आले. मागाहून शाळेचा दाखला आला, पलटणीची भरती आली, मुंबईच्या गिरणीतली हजेरी आली. लिहिणाऱ्याने विचारले, "आडनाव काय?" आणि समोरच्याने त्या घटकेला जे सांगितले ते कायमचे झाले. कुणी कूळ सांगितले, कुणी गाव सांगितले, कुणी मान सांगितला. म्हणूनच आज सख्ख्या चुलत भावांत एकाच्या दाखल्यावर जाधव आणि दुसऱ्याच्या दाखल्यावर पाटील असे दिसते.

शाळेच्या पटावरची एक नोंद किती दूर जाते, त्याचे मोठे उदाहरण आपल्यासमोर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे मूळ आडनाव सकपाळ. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. गावावरून आंबडवेकर आणि शाळेत आंबेडकर असे ते नाव झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत त्यांचा प्रवेश झाला. तिथल्या पटावर 'भिवा रामजी आंबेडकर' अशी नोंद आहे. पुढे ते नाव साऱ्या जगाने ऐकले. तेव्हा आपल्या मुलाचे नाव पहिल्यांदा कागदावर चढते, त्या दिवशी आईबापांनी शेजारी उभे राहून ते नीट वाचून पाहावे.

टोपणनाव म्हणजे गावाची आठवण

टोपणनावाला हसण्यावारी नेऊ नका. त्यात गावाचा इतिहास असतो. गावात पहिले तेल इंजिन ज्यांनी आणले ते 'इंजिनवाले'. आज त्यांच्या विहिरीवर विजेची मोटर असेल, कदाचित सौरपंपही बसला असेल, पण ते इंजिनवालेच. गुऱ्हाळ बंद होऊन चाळीस वर्षे झाली तरी 'गुऱ्हाळवाले' आहेतच. 'माडीवाले' आज पत्र्याच्या घरात राहत असतील. आजोबा गिरणीत कामाला होते म्हणून नातू 'मुंबईवाले', मग त्याने मुंबई पाहिलेली नसेना का! कोणती गोष्ट गावात केव्हा आली आणि कोणी आणली, हे अशा नावांवरून कळते.

मायेची नावे तर आपल्या भाषेचे भूषण आहेत. अण्णा, तात्या, नाना, आबा, बापू, आप्पा, दादा, अक्का, माई, जिजी. घरातल्या थोरल्याला धाकट्यांनी जे म्हटले ते गावाने उचलले. कर्मवीर भाऊराव पाटलांना हजारो विद्यार्थी 'अण्णा' म्हणत. त्या एका शब्दात वडील आले, गुरुजी आले आणि वसतिगृहात जेवू घालणारा माणूसही आला.

टोपणनावाचा केवढा मान होऊ शकतो ते पाहायचे असेल तर गाडगेबाबांकडे पाहावे. त्यांचा जन्म १८७६ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. हातात खराटा आणि पाणी पिण्यासाठी, भाकर घेण्यासाठी मातीचे फुटके गाडगे. लोकांनी त्या गाडग्यावरूनच नाव ठेवले. गाडगे ही काय वस्तू! पण माणसाने आयुष्यभर गावे झाडली, धर्मशाळा बांधवल्या, आणि त्या शब्दाला देवळाच्या कळसाची किंमत आली. नावाने माणूस मोठा होत नाही, माणसाने नाव मोठे होते, ते असे.

मन दुखवणारी नावे

पण सगळीच टोपणनावे मायेची नसतात. हे आपण स्वतःशी कबूल केले पाहिजे.

एखाद्याचा पाय अधू असतो, एखाद्याचा डोळा तिरळा असतो, कुणी बोलताना अडखळतो. गाव त्यावरून नाव ठेवते आणि तो माणूसही वर्षानुवर्षे त्या हाकेला ओ देतो. ओ देतो म्हणजे त्याला ते आवडते असे नाही. त्याच्यापुढे दुसरा इलाजच नसतो. त्याच्या मुलाला शाळेत 'लंगड्याचा' म्हणून हाक मारतात तेव्हा ते पोर घरी येऊन कुणाला काही सांगत नाही, पण दुसऱ्या दिवशी शाळेत जायला कुरकुर करते. अपंग व्यक्तीला चारचौघांत जाणूनबुजून अपमानित करणे हा २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने गुन्हा आहे. जातीवरून अपमान करण्याविरुद्ध १९८९ चा कायदा आहे. गावोगावच्या वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. पण कायद्याची गरज पडावी तरी का? आपल्या घरात मुलांच्या कानावर कोणती हाक पडते, एवढे पाहिले तरी पुष्कळ झाले.

नावाच्या शेपटातही मोठे राजकारण असते. ज्ञान्या, ज्ञानू, ज्ञानबा, ज्ञानोबा, ज्ञानदेवराव. माणूस तोच, पण त्याच्या पदरी जमीन किती यावर शेपूट ठरते. सालगडी साठीला आला तरी तो 'सख्या', आणि मालकाचा बारा वर्षांचा मुलगा 'दादासाहेब'! आपण बैलांना सर्जा आणि राजा म्हणतो, पोळ्याला त्यांच्यापुढे पुरणपोळीचा नैवेद्य ठेवतो. मग आपल्या बांधावर राबणाऱ्या म्हाताऱ्याला 'सखाराम काका' म्हणायला काय खर्च येतो? मुलांना हे सांगून येत नाही, घरातल्या मोठ्यांनी तशी हाक मारली की आपोआप येते.

आणखी एक प्रकार आहे. जुन्या काळी मुले जगत नसत. दृष्ट लागू नये, काळाचे लक्ष जाऊ नये म्हणून आईबाप मुद्दाम हलके नाव ठेवीत. धोंडू, दगडू, केरू, भिका. त्या नावांमागे आईचा धसका होता, तिची माया होती. आज गावोगावी लसीकरण आहे, आरोग्य केंद्र आहे. ती भीती सरली, नावेही मागे पडली.

पण 'नकोशी' किंवा 'नकुसा' या नावामागे माया नव्हती. मुलीवर मुली झाल्या, आता तरी मुलगी नको, म्हणून ठेवलेले हे नाव. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्याच वर्षीच्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या ८९४. आपण नको आहोत, हे ज्या लेकरावर रोज हाकेतून बिंबते, त्याने अभ्यासात, खेळात, संसारात मान वर कशी करायची? तुमच्या ओळखीत अजून कुणी नकोशी असेल तर तिचे नाव बदलण्यासाठी मदत करा. आधी हाक बदला, मग कागद.

बाईचे नाव कुठे जाते?

घरातल्या लक्ष्मीचे नाव हा तर वेगळाच विषय आहे. माहेरी ती कमल शंकर मोरे. लग्नात ताटातल्या तांदळावर नवे नाव लिहिले गेले, ती झाली मंजुळा ज्ञानदेव जाधव. गावात ती 'इंजिनवाल्यांची थोरली'. मुले झाली की 'पांडूची आई'. चाळीस वर्षे तिने त्याच शेतात खुरपले, पण तिचे स्वतःचे नाव घेऊन हाक मारणारे माणूस माहेरी गेल्याशिवाय भेटत नाही.

लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. बदलायचे असेल तर खुशाल बदला, पण त्याचा पुरावा ठेवा. ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी होते. तो दाखला माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांच्यामधला पूल आहे. तो नसला तर काय होते? वडील वारल्यावर माहेरच्या उताऱ्यावर तिचे वारस म्हणून नाव लागायचे असते, आणि तिच्याजवळचा प्रत्येक कागद सासरच्या नावाचा असतो. कमल ती मंजुळाच, हे सिद्ध करताना वर्ष निघून जाते.

वडिलोपार्जित शेतात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध वाटा आहे. महाराष्ट्राने १९९४ साली कायद्यात तशी दुरुस्ती केली होती, तरी तिला मर्यादा होत्या. २००५ साली साऱ्या देशासाठी हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्थ आणखी स्पष्ट केला. पतीने हयातीतच पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावावे, यासाठी शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची चळवळ केली. पुढे १९९२ साली शासनानेही त्यासाठी सोय करून दिली. आणि आता १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि मग आडनाव, असा क्रम ठरला आहे. आईचे नाव आता कागदावर आले. उताऱ्यावरही येऊ द्या.

कागदाला हाक ऐकू येत नाही

आता मुख्य मुद्दा. समजा, वर सांगितलेले तात्या वारले. गावाला सारे ठाऊक आहे. पण सातबाऱ्यावर नाव आहे 'ज्ञानू रामा जाधव'. आधार कार्डावर 'ज्ञानदेव रामचंद्र पाटील'. बँकेच्या पुस्तकात 'ज्ञानेश्वर'. आणि गडबडीत मुलाने मृत्यूची नोंद करताना सांगितले 'तात्यासाहेब पाटील'. गावाच्या दृष्टीने हा एकच माणूस. कागदाच्या दृष्टीने चार माणसे, आणि त्यांपैकी मेला आहे तो फक्त एक! ज्याच्या नावावर जमीन आहे तो ज्ञानू अजून 'जिवंत' आहे. मग वारस कसे लागणार, पीककर्ज कोणाला मिळणार, नुकसानभरपाई कोणाच्या खात्यात जाणार?

पूर्वी तलाठीभाऊसाहेब आणि सोसायटीचा सचिव माणसाला ओळखत असत, म्हणून निभावून जात असे. आता कागदाची गाठ संगणकाशी आहे. सन्मान निधीचे वर्षाचे सहा हजार रुपये आधारच्या नावावर येतात. २०२५ च्या एप्रिलपासून राज्यात कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागतो, आणि तो काढताना आधारवरचे नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव शेजारी शेजारी ठेवून पाहिले जाते. संगणकाला तात्या माहीत नाहीत.

जुन्या उताऱ्यांवर आणखी दोन खुणा पाहा. नावापुढे 'ए.कु.मॅ.' असेल तर तो भाऊ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलेला आहे, बाकीच्या भावंडांची नावे मागे राहिलेली आहेत. 'अ.पा.क.' असेल तर अज्ञान वारसाचा पालनकर्ता म्हणून नोंद आहे. तो अज्ञान मुलगा आज नातवंडांचा आजोबा झाला असेल, तरी उताऱ्यावर तो अज्ञानच! अशा नोंदी वेळीच दुरुस्त करून घ्याव्यात. पुढची पिढी कोर्टाच्या पायऱ्या चढते त्या बहुधा याच कारणाने.

घरी बसून करायची कामे

१. एखाद्या निवांत संध्याकाळी सातबारा, आठ-अ, आधार, रेशनकार्ड, बँकेचे पुस्तक, शाळेचे दाखले एकत्र काढा. कोऱ्या कागदावर प्रत्येक माणसापुढे प्रत्येक कागदावरचे नाव जसेच्या तसे लिहा. काना, मात्रा, वेलांटीसुद्धा पाहा. इंग्रजी स्पेलिंगही ताडून घ्या.

२. उताऱ्यावर मयत माणसाचे नाव असेल तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची माहिती घेऊन तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, वारस नोंदीचा अर्ज द्या. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ प्रमाणे वारसाहक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत ही खबर द्यायची असते. मुदत उलटली म्हणून हक्क जात नाही, पण काम अवघड होते. एप्रिल २०२५ पासून शासनाने 'जिवंत सातबारा' मोहीम राज्यभर घेतली ती याच नोंदींसाठी.

३. वारसांत मुली, पत्नी आणि हयात असल्यास मयताची आई यांची नावे गाळू नका. नोंदीनंतर हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते. ती वाचा, कोणाचे नाव राहिले का ते पाहा.

४. उताऱ्यावर लिहिण्यात चूक झाली असेल तर त्याच अधिनियमाच्या १५५ कलमाखाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जुना फेरफार उतारा जोडा. खरे नाव बहुधा तिथे सापडते.

५. 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र तात्पुरते उपयोगी पडते. पण त्यावर कायमचे विसंबू नका, कारण त्याने मूळ नोंद बदलत नाही.

६. नावच बदलायचे असेल तर शासनाच्या राजपत्रात ते प्रसिद्ध करून घ्या. अर्ज ऑनलाइन करता येतो. राजपत्राची प्रत जपून ठेवा आणि तिच्या आधारे बाकीचे सारे कागद एका नावाचे करा.

७. जन्म आणि मृत्यू यांची नोंद एकवीस दिवसांत करा. बाळाचे नाव ठरले नसेल तर जन्माची नोंद आधी होते, नाव मागून घालता येते. वर्षभरात विनाशुल्क, पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे सगळीकडे जन्मदाखलाच मुख्य पुरावा आहे. तेव्हा त्यावर 'बाळू' नको, 'पिंकी' नको.

८. मृत्यूची नोंद दुःखाच्या घाईत होते. म्हणून घरातील वृद्धांचे उताऱ्यावरचे नाव घरात आणखी दोघांना तरी पाठ हवे.

नावांची वही

शेवटी एक काम मुलांना सांगा. दोनशे पानी वही घ्यायची आणि आजी-आजोबांजवळ बसायचे. पणजोबांचे नाव काय, त्यांना काय म्हणत, आपली भावकी कोणत्या गावाहून आली, आपल्याला गुऱ्हाळवाले का म्हणतात, आजीचे माहेरचे नाव काय, तिच्या आईचे नाव काय, हे सारे लिहून काढायचे. पुरुषांइतकीच बायकांची नावे लिहायची. शेजारी उताऱ्यावरचे नाव आणि गट नंबर लिहायचा. घराचा इतिहास आणि घराचा पुरावा, दोन्ही एकाच वहीत येतील.

हे काम पुढच्या उन्हाळ्यावर टाकू नका. ज्या आजीला ही नावे ठाऊक आहेत, ती आज ओसरीवर बसली आहे. सुगीची कामे आटोपली की तिच्याजवळ बसा, आणि आधी तिला तिचे माहेरचे नाव विचारा.